आठ तारा आणि पांढरी तीन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, गुवाहाटी येथे भरलेल्या कोजागिरी संमेलनातील भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘भाषण’ असे छापले आहे आणि त्याखालच्या ओळीत ‘गायन’ असे. गायन आमचे नव्हे, हे आपणांस ठाऊक आहेच. वस्तुतः भाषण हेही आमचे क्षेत्र नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ घालवलेल्या माणसाला टिपणी लिहिता येते. बोलता येतेच असे नाही. परंतु सचिव महोदय म्हणाले, “त्या गिटारीविषयी मंडळात सगळ्यांचे बोलून झाले आहे, आता एकदा तुम्हीही बोलून घ्या.” म्हणून उभे आहोत.

व्यासपीठावर खुर्चीला टेकवून ठेवलेले ते काळे वाद्य आपण पाहत आहातच. ती आठ तारांची विजेवरची गिटार आहे. नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला खर्जाच्या बाजूला दोन अधिक आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत महागाई भत्त्याच्या थकबाकीतून ती घेतली, तेव्हा आमचे वय चौपन्न होते. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “सहा तारा वाजवून संपल्या का?” हा प्रश्न अत्यंत रास्त होता आणि त्याचे उत्तर आम्हांला पुढे दीड वर्ष सुचले नाही. आज सुचले आहे, तेच सांगावयाचे आहे.

आमचे बालपण मिरजेत गेले. मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. शाळेतून येताना वाद्ये घडवणाऱ्यांच्या दुकानांपाशी आमची पावले रेंगाळत. पंढरपूरकडून आलेले भोपळे बाहेर रचून ठेवलेले असत आणि आत एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसलेला असे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचे. पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. एका विशिष्ट जागी तो दोरा आला, की मुकी तार एकाएकी फुलून येई आणि खर्जाच्या पोटातून वरचे स्वर निघू लागत. आम्हांला त्यातले शास्त्र कळत नव्हते. गायला आम्ही शिकलो नाही आणि तंबोराही कधी घरी आला नाही. महाविद्यालयात कलकत्त्याच्या गिव्हसन बनावटीची एक साधी गिटार हाती आली, तिच्यावर स्नेहसंमेलनापुरती चार गाणी झाली, आणि पहिल्या बदलीच्या वेळी ती आतेभावाकडे राहिली ती राहिलीच.

मध्ये तीस वर्षे गेली. आमच्या कार्यालयात शिलाँगचा एक तरुण खासी सहायक आहे. शिलाँग हे गिटारीचे गाव. तेथे लू मजाव नावाचे गायक १९७२ सालापासून बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करीत आले आहेत, यावरून त्या गावाची प्रकृती ध्यानात यावी. हा तरुण कार्यालयाच्या वार्षिक दिनाला आपली आठ तारांची गिटार घेऊन आला. जे वाजवले ते आम्हांला मुळीच आवडले नाही, हे स्पष्ट सांगतो. आमचे वरिष्ठ तर कानांवर हात ठेवून बसले होते. परंतु वाजवण्यापूर्वी त्याने सर्वांत खालची तार एकदाच छेडली आणि तशीच सोडली. ती तार विझेपर्यंत आम्ही मिरजेच्या त्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो.

या वाद्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. गिटारीला सातवी तार लावण्याची कल्पना जुनीच आहे. रशियात दोनशे वर्षांपूर्वीपासून सात तारांची गिटार वाजत आली. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस जॅझसाठी सात तारांची गिटार करून घेतली. विजेच्या गिटारीत मात्र ही गोष्ट रुळली ती १९९० नंतर, स्टीव्ह वाय यांच्यासाठी जपानच्या आयबानेझ कंपनीने सात तारांची गिटार बाजारात आणली तेव्हापासून. पुढे अमेरिकेतल्या कॉर्न आणि स्वीडनमधल्या मेशुगा या वादकसमूहांनी खालच्या तारांवरच आपले सारे संगीत उभे केले आणि २००७ साली त्याच कंपनीची आठ तारांची गिटार दुकानांत आली. ‘हेवी मेटल’ म्हणून आपली मुले जे ऐकतात, त्यात ह्या तारांचा गडगडाट असतो.

आपल्याकडे हा वाद फार पूर्वीच होऊन गेला आहे. पंडित रविशंकरांनी सतारीवर खर्जाच्या तारा ठेवल्या; उस्ताद विलायत खाँसाहेबांनी त्या काढून टाकल्या आणि गाण्याच्या अंगाला सोयीची अशी जुळणी केली. दोघेही थोर. तेव्हा खर्जाची तार असावी की नसावी, यावर मंडळाच्या समितीने एकमत करण्याचा प्रयत्न करू नये, ही विनंती.

तार खाली उतरवणे म्हणजे खुंटी सैल करणे, असे आम्हांला वाटत होते. आम्ही इतिहासाचे बी. ए.; भौतिकशास्त्राशी आमचा संबंध शाळेतच सुटला. आमच्या सहायकाने, जो संध्याकाळी आमचा गुरू असतो, ते समजावून दिले. तार सैल केली तर स्वर उतरतो खरा, पण तार लुळी पडते, पडद्यांवर आपटते आणि स्वर डळमळतो. ताण राखून खाली जायचे असेल तर तार लांब तरी हवी किंवा जाड तरी. म्हणून ह्या गिटारीच्या तारेची मोकळी लांबी २७ इंच आहे. नेहमीची साडेपंचवीस इंच असते. पहिली तार पाव मिलिमीटर जाडीची, तर आठवी दोन मिलिमीटरची, म्हणजे आठपट जाड. आठ तारा शेजारी शेजारी बसवायच्या तर दांडा रुंद होतो. तो वरच्या टोकाला ५५ मिलिमीटर आहे. आमचा अंगठा मागून आणि करंगळी पुढून एकमेकींना शोधत राहतात. शिवाय गुवाहाटीचा पावसाळा लागला, की दांडा वाकतो आणि आतली पोलादी सळई किल्लीने फिरवून सरळ करावी लागते.

पण खरे कष्ट वाजवण्याचे नव्हेतच. आम्ही एक तार छेडली, की उरलेल्या सात तारांतल्या निम्म्या आपण होऊन घुमू लागत. खालच्या जाड तारा तर कोणी हाक मारली नसताना ओ देणाऱ्या. “सर, यू प्ले वन, यू स्टॉप सेव्हन,” असे गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. उजव्या तळव्याची कड खालच्या तारांवर ठेवायची, डाव्या तर्जनीचे पोट वरच्या तारांवर नुसते टेकवायचे, आणि या दोहोंमधून एकच स्वर जाऊ द्यायचा. चार महिने आम्ही केवळ तारा गप्प करायला शिकत होतो. हे लोक दांड्याच्या टोकाशी तारांवर कापडाची पट्टी बांधतात. आम्ही सौभाग्यवतींच्या केसांचा मखमली रबर बांधला. तो अद्याप तेथेच आहे, जांभळ्या रंगाचा. कार्यालयात आम्ही सहायकाची रजा मंजूर करतो आणि संध्याकाळी तो आमची चूक मंजूर करीत नाही, असा क्रम चालू होता.

आता काकूंविषयी. काकू समोरच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी आम्ही घेतली आहे. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात, पन्नास वर्षांपूर्वी, रेल्वेच्या एका क्वार्टरच्या अंगणात आरती झाल्यावर त्यांनी गायिलेल्या अभंगाची गोष्ट येथील जुने सभासद अजून सांगतात. त्यानंतर एकही उत्सव त्यांच्या गाण्यावाचून गेला नव्हता. काकू काळी चारमध्ये गात. वयाच्या पंच्याहत्तरीच्या सुमारास आवाज उतरू लागला. आधी काळी तीन, मग पांढरी चार, आणि शेवटी पांढरी तीनवर येऊन थांबला. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या उपचारांनंतर असाच उतरला होता आणि त्या आवाजाने त्यांनी पुढे मैफली जिंकल्या, हे आम्ही काकूंना ऐकवले. त्या म्हणाल्या, “अहो भाऊ, त्या गंगूबाई होत्या.”

दुसरी अडचण साथीची. आपल्या मंडळाचे पेटीवादक बदली होऊन राजस्थानात गेले. बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या मंडळात हे चालायचेच. काकूंच्या तंबोऱ्याचा भोपळा तर पूर्वीच एका स्थलांतरात तडकला होता आणि तो सांधणारा माणूस येथून मिरजेपर्यंत कोठे नाही. मोबाइलमधला तंबोरा आम्ही सुचवला. तो त्यांनी दोन दिवस लावला आणि बंद केला. म्हणाल्या, “मी ओळ विसरले तरी ते आपलं चालूच. थांबत नाही, बघत नाही.” २०२२ पासून काकू गायल्या नव्हत्या.

आम्ही घरी खुंट्यांशी खेळत असताना एक गोष्ट ध्यानात आली. ह्या गिटारीची आठवी तार कारखान्यातून येते ती काळी तीनमध्ये. मेटलवाले वादक ती पूर्ण स्वरभर उतरवून पांढरी तीनमध्ये आणतात, कारण सातवी तार त्याच पांढरी तीनचा पंचम असते आणि सहावी तार पुन्हा षड्ज. म्हणजे षड्ज, पंचम, षड्ज, तिन्ही मोकळ्या तारांवर. ते या स्वरसमूहाला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात आणि त्यात गंधार मुद्दाम वगळतात. त्यांच्या यंत्रातून आवाज फोडून काढला, की गंधारासह वाजवलेले स्वर एकमेकांत गढूळ होतात, षड्ज-पंचम तेवढे ठाम उभे राहतात. आमच्या डोळ्यांपुढे तंबोरा उभा राहिला. अंगठ्याने ह्या तीन तारा छेडीत राहायचे आणि वरच्या पाच तारांवर गाणाऱ्याच्या मागोमाग जायचे. सहा तारांच्या गिटारीवर हे इतक्या मोकळेपणाने होत नाही. तेथे खालच्या पंचमासाठी एक बोट कायमचे अडकते.

समितीत प्रस्ताव आला तेव्हा काय झाले, ते आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. “गणपतीपुढे इलेक्ट्रिक गिटार?” हा प्रश्न एका आदरणीय सभासदांनी विचारला. आम्ही त्यांना नम्रपणे स्मरण दिले, की पेटीही परदेशातूनच आली. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. आज त्याच पेटीवाचून आपल्याला अभंग ओका वाटतो. प्रस्ताव एका मताने संमत झाला. ते मत काकूंचे होते.

आणि २०२४ च्या गणेशोत्सवात ते सारे फसले.

आपण तेथे होता. काकूंनी यमन धरला. षड्ज लागला, निषाद लागला, आणि गंधारावर येताच आवाज सरकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. यमनात गंधार म्हणजे वादी स्वर. तोच उभा राहीना, तर राग कशावर उभा राहायचा? तिसऱ्या वेळी काकू थांबल्या, मायक्रोफोन बाजूला केला आणि आमच्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “गेलं हो भाऊ. आता नाही माझ्यात.” मग त्यांनी सर्वांना नमस्कार केला आणि त्या खाली उतरल्या. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या कशासाठी होत्या हे सर्वांना कळत होते आणि काकूंनाही कळत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गाण्याची वही आमच्या सौभाग्यवतींकडे पाठवून दिली, “कोणी मुलगी शिकत असेल तर द्या” म्हणून.

आम्ही गिटार खोक्यात ठेवली. सुमारे दोन महिन्यांनी मंडळातल्या एका मुलाने आपल्या मोबाइलवर केलेले त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आम्हांला पाठवले. ते ऐकण्याचे धैर्य नव्हते, म्हणून आमच्या गुरूंना दिले. कानांना हेडफोन लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. काकू गायला लागण्यापूर्वीचा, सारे शांत असतानाचा तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. मग तारा जुळवायचे ते छोटे यंत्र त्यांनी ध्वनिमुद्रणाला लावले. गिटार वाजत नव्हती, कोणी गात नव्हते, आणि यंत्र मात्र एक स्वर दाखवीत होते.

तो स्वर विजेचा होता. आपल्या देशात घरोघरी येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि पन्नास कंपने म्हणजे पांढरी पाचच्या खर्जापेक्षा किंचित चढा असा स्वर. गिटारीच्या पिकअपमध्ये ही घरघर मारण्याची व्यवस्था असते. तारेची दोन वेटोळी उलटसुलट जोडून एकीची घरघर दुसरीने खोडायची, ही युक्ती गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली केली. परंतु ती व्यवस्था हवेतून येणारी घरघर थांबवते. प्लगातून येणारी नव्हे. त्या भाड्याच्या सभागृहातला प्लग तीन भोकांचा होता आणि तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. एवढ्यानेही काही बिघडले नसते. पण पांढरी तीनला षड्ज मानले, तर पांढरी पाच येते कोमल गंधारावर. म्हणजे काकू यमनचा शुद्ध गंधार लावू पाहत होत्या आणि व्यासपीठावरचा तो चार फुटी ध्वनिक्षेपक त्यांच्या पाठीमागून अखंड कोमल गंधाराचा, तोही बेसूर असा, सूर धरून होता. घरघरीकडे कान सहसा लक्ष देत नाही. पण गाणाऱ्याचा गळा तिच्यापासून सुटत नाही.

चूक आमची होती. वाद्य आमचे, जुळणी आमची, आणि सभागृहात आधी जाऊन शांततेत ऐकून पाहण्याचे कामही आमचेच. ढोल-ताशांच्या गोंगाटात आम्ही ‘हॅलो, हॅलो’ करून मोकळे झालो होतो.

त्या रात्री आम्ही घरातले दिवे, पंखे, फ्रिज, सर्व बंद केले आणि अर्थिंग तपासलेल्या एकाच प्लगावर गिटार लावली. आठवी तार छेडली आणि सोडून दिली. तिची मूळ कंपने सेकंदाला एक्केचाळीस. आमच्या ध्वनिक्षेपकातून तेवढा खोल स्वर नीट बाहेरही पडत नाही, तरी वरच्या अंशस्वरांवरून कान तो आपणच ओळखून घेतो. ते अंशस्वर एकेक करून वर येऊ लागले. आधी षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, आणि मग, कोणी न वाजवलेला, स्वच्छ शुद्ध गंधार. तंबोऱ्यात ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो. यंत्रातून आवाज किंचितसा फोडला, की तो अधिकच उजळून येई. मिरजेचा तो दोरा सरकवण्यासारखेच हे होते.

आणि येथे सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हा गंधार मूळ स्वराच्या पाचपट कंपनांवर असतो. सहा तारांच्या गिटारीवर सर्वांत खालचा पांढरी तीनचा षड्ज घेतला, तर त्यातून निघणारा गंधार काकूंच्या तार सप्तकात पडतो. आठवी तार त्याच्याही एक सप्तक खाली आहे, म्हणून तिचा गंधार काकूंच्या मध्य सप्तकात येतो. काकूंना जेथे उभे राहायचे आहे, बरोबर तेथे. सहा तारा संपल्या नव्हत्या. पण ही जागा त्यांच्यात नव्हती.

आणखी एक गंमत सांगतो. तोच गंधार आम्ही पडद्यावर बोटाने वाजवला, तर तो ह्या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा लागतो. गिटारीचे पडदे पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे समान वाटणीने बसवलेले असतात. पंचम जवळजवळ बरोबर येतो, गंधार मात्र चढतो. तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून आम्ही ठरवले आहे, की आम्ही गंधार वाजवायचाच नाही. गाणे गंधारावर आले, की वरच्या पाचही तारा गप्प करायच्या आणि अंगठा चालू ठेवायचा. चार महिने तारा गप्प करण्याचे जे शिक्षण झाले, ते असे उपयोगी पडले.

हे सारे आम्ही काकूंना जाऊन सांगितले. ध्वनिमुद्रण ऐकवले, ते यंत्रही दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल.” आम्ही म्हणालो, “काकू, सरकारी नोकर स्वतःची चूक दुसऱ्याला बरे वाटावे म्हणून कबूल करीत नाही.” त्या हसल्या, पण वही परत मागितली नाही. डिसेंबर गेला, बिहू गेला. जूनच्या एका संध्याकाळी, ब्रह्मपुत्रेला पूर चढत असताना, त्यांचा दूरध्वनी आला, “ती तुमची तोफ घेऊन या घरी. आणि दिवे बंद करायचे असतील तर आधी सांगा, माझी आमटी शिजायची आहे.” तेव्हापासून दर शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जातो. वही सौभाग्यवतींनी परत नेऊन दिली. कोणी मुलगी आढळली नाही, असे त्यांनी सांगितले. वस्तुतः त्यांनी शोधलीच नव्हती.

आज ह्या सभागृहात आम्ही दुपारी तीन वाजता आलो. प्लग तपासला आहे. तिसऱ्या भोकामागे तार आहे. आमचे गुरूही मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांना मराठी कळत नाही, पण ते कान देऊन बसले आहेत. पंख्यांचे रेग्युलेटर मात्र बारीक गुणगुण करतात, तेव्हा थोडा वेळ पंखे बंद ठेवावे लागतील. उकडेल, त्याबद्दल क्षमस्व. मसाला दूध नंतर आहे.

काकू, या. पांढरी तीन लावली आहे.